बारानंतरची सावली

सोमवार, १४ फेब्रुवारी २०००

आज प्रयोग क्रमांक सात झाला. झाला म्हणजे काय, धनराजने तो वाचून दाखवला आणि चाळीस जणांनी लिहून घेतला.

धनराज आमचा वर्गप्रतिनिधी, निफाडचा. त्याच्याकडे मागच्या वर्षीच्या कुणाची तरी प्रात्यक्षिक वही आहे, त्या कुणाकडे त्याच्या आधीच्या वर्षीची होती. आमच्या डी.एड. कॉलेजात ही वही सासूच्या पाटल्या सुनेकडे याव्यात तशी खाली येते. सर प्रयोग सांगतात, मुलं मान डोलावतात आणि निरीक्षणं या वहीतून त्या वहीत जातात. बाटली न भिजवता गाळाचे थर बसतात. दिवा न लावता चंद्राच्या कला होतात. आणि हेच आम्ही उद्या पोरांना शिकवणार.

सातवा प्रयोग सावलीचा. अंगणात मीटरभर काठी उभी करायची, सावलीच्या टोकाशी थोड्या थोड्या वेळाने खडा ठेवायचा आणि सगळ्यात आखूड सावली किती वाजता पडते ते लिहायचं. विज्ञानाच्या निकुंभ सरांनी काठी रोवून दिली. आम्ही चार-पाच खडे ठेवलेही. मग बाराची घंटा झाली, कॉलेज सुटलं आणि सगळे मेसकडे पळाले, कारण वत्सलाबाई एक वाजला की पातेल्यांवर झाकणं टाकतात. वहीत उत्तर तयारच होतं. बारा वाजता.

मी कंपासपेटी अंगणात विसरले म्हणून जेवून परत गेले. सावली बाराच्या खड्यापेक्षा तीन बोटं आखूड होती.

मी पुन्हा मोजली. पुन्हा तीन बोटं. म्हणजे वहीतलं उत्तर खोटं आहे आणि ते कितीतरी वर्षं खोटं आहे.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

तीन दिवस बाराची घंटा झाली की मी काठीपाशी बसते. सावली बारानंतरही आखडतच जाते, पावणेएकच्या पुढेमागे थांबते आणि मग लांबायला लागते. रोज हेच. घड्याळ मी आकाशवाणीच्या बातम्यांना लावून घेतलं आहे, म्हणजे कुणी तोंड उघडायला नको.

तरी धनराजने उघडलंच. म्हणाला, "मीना, तुमच्या सुरगाण्याला घड्याळं जरा उशिराच पोचली असतील ना?" सगळे हसले. मी म्हटलं, "उशिरा पोचली, पण चालू पोचली. तुमच्या वहीतलं बारालाच बंद पडलंय." यावरही सगळे हसले, पण धनराज नाही.

माझी खोलीतली मैत्रीण निकिता म्हणते, कशाला नसती उठाठेव करतेस. ती देवळाली कॅम्पची, वडील सैन्यात. तिच्या घरी वरून हुकूम आला की विषय संपतो. माझ्या घरीही तसंच आहे म्हणा, फक्त आमच्यावर हुकूम सोडणारे जास्त आहेत.

वत्सलाबाई रोज माझं ताट झाकून ठेवतात आणि रोज कुरकुरतात. आज म्हणाल्या, "सावली खाऊन पोट भरणार असेल तर सांग, तेवढा तांदूळ कमी लावते." भाजी मात्र त्यांनी मला जास्तच वाढली.

मंगळवार, २२ फेब्रुवारी

आज सरांना सांगितलं. निकुंभ सर पन्नाशीच्या पुढचे, हळू बोलणारे, पाऊस नसला तरी छत्री बाळगणारे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भोये, काठी तिरकी असेल."

नाही सर, ओळंबा लावून बघितली.

"जमीन उंचसखल असेल."

नाही सर, त्या काठीपाशी तुम्हीच परात ठेवून पाणी ओतून दाखवलं होतंत.

मग ते चष्मा पुसत बसले. शेवटी म्हणाले, "पुस्तकात बारा दिलंय. परीक्षक पुस्तक बघतो." आणि गेले. वीस वर्षं विज्ञान शिकवतात म्हणे. शिकवत असतील, पण ताकास तूर लागू देत नाहीत. मला त्यांचा इतका राग आला की शाळेतला दुपारचा सराव पाठ मी ताडताड बोलून संपवला आणि त्यात दोन मुलं रडली.

रविवार, २७ फेब्रुवारी

सापडलं.

निकिता भूगोलाच्या चाचणीसाठी मोठमोठ्याने पाठ करत होती. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून, अलाहाबादजवळून, दर अंशाला चार मिनिटांचा फरक. मी धुणं टाकून खोलीत धावले. नाशिक कुठे आहे गं? ती म्हणाली, "नाशिक महाराष्ट्रात आहे." मी नकाशाचं पुस्तक ओढलं. नाशिक चौऱ्याहत्तरच्या अलीकडे आहे. हिशोब केला तर पस्तीस मिनिटं येतात. म्हणजे तिकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा आपल्या घड्याळात बारा वाजतात, आणि आपल्याकडे तो यायला पस्तीस मिनिटं उशीर. बाराला नाशिकमध्ये फक्त घंटा होते आणि जेवण तयार होतं.

हे आम्ही नववीत शिकलो होतो. मीही त्यावर चार पैकी चार गुण घेतले होते. भूगोलाच्या तासाला पस्तीस मिनिटं, विज्ञानाच्या तासाला बारा. कुणाच्याच डोक्यात दोन्ही एकदम आलं नाही, माझ्याही नाही. याची मला लाज वाटली आणि मग इतका आनंद झाला की मी निकिताला मिठी मारली. ती म्हणाली, हात ओले आहेत तुझे.

गुरुवार, २ मार्च

आनंद चार दिवस टिकला. आज सरांपुढे हिशोब ठेवला. त्यांनी पूर्ण वाचला. मग बोट ठेवून विचारलं, "ही पस्तीस मिनिटं भूगोलाची झाली. तुझी सावली तर पावणेएकलाही संपत नाही. वरची दहा-बारा मिनिटं कुणाची?"

मोजण्यात चूक असेल तर रोज एवढीच कशी येते? आणि चूक नसेल तर ती मिनिटं येतात कुठून?

मग ते म्हणाले, "नोव्हेंबरात बघितलं असतंस तर उलट झालं असतं. पस्तीसच्या पुष्कळ अलीकडे आलं असतं." मला गोंधळात टाकायला काहीही फेकतात. नोव्हेंबराचा इथे काय संबंध? मी तोंडावर काही म्हटलं नाही, पण म्हणायला हवं होतं.

आता खरंच भीती वाटते. मीच मूर्ख ठरले तर? अख्ख्या कॉलेजात एक सुरगाण्याची मुलगी शहाणी आणि बाकी सगळे वेडे, असं कधी असतं का?

असेल. काठी कुणाच्या तालुक्याची चौकशी करत नाही. मी रोज बघणार.

शुक्रवार, २४ मार्च

आज रंगपंचमी. हॉस्टेल रिकामं. पोरी जुन्या नाशकात रहाडीत उड्या मारायला गेल्या. त्या हौदातला रंग आठ दिवस जात नाही म्हणे. निकिता मला ओढत होती, पण मी राहिले. रोजची नोंद चुकवायची नव्हती.

बाराच्या पुढे अंगणात गेले तर निकुंभ सर माझ्या काठीपाशी उभे. सुट्टीच्या दिवशी, पांढऱ्या कपड्यात, अंगावर रंगाचा थेंब नाही. छत्री बाजूला जमिनीत रोवलेली. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "सर, काठी हलवायला आलात का?"

असं सरांना कुणी बोलत नाही. त्यांचा चेहरा पडला. छत्री उपटली, टोकाची माती झटकली आणि म्हणाले, "नाही. घरी पोरांचा गोंधळ होता, म्हणून आलो." त्यांची मुलं नोकरीला पुण्यात आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. खोटंही धड बोलता येत नाही. गेले ते मान खाली घालून. छत्री रोवली होती त्या भोकापाशी चार-पाच खडे पडले होते, ते मी पायाने उडवून लावले.

काठी जागची हलली नव्हती, एवढं नशीब. आजची आखूड सावली पावणेएकच्याही थोडी अलीकडे आली. फेब्रुवारीपेक्षा चांगली सात-आठ मिनिटं आधी. म्हणजे ती वरची मिनिटं कमी होत चालली आहेत. का, ते देव जाणे.

शुक्रवार, ३१ मार्च

वह्या परत आल्या. चाळीस वह्यांवर लाल शाईत "तपासले" आणि सही. माझ्यावर काहीच नाही.

प्रात्यक्षिक वहीवर सही नसेल तर वार्षिक परीक्षेला बसता येत नाही. वर्ष वाया जातं. दोन वर्षं माझी आई आणि बा दिंडोरीला दुसऱ्याच्या द्राक्षांत राबले, मी पास होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत लागेन या एका गोष्टीवर. आमच्या पाड्यातली मी पहिली मुलगी. हे सगळं सरांना माहीत आहे.

मी स्टाफरूममध्ये गेले. सर म्हणाले, "बारा लिही, सही करतो."

मी म्हटलं, "बारा नाही सर."

"मग भूगोलाप्रमाणे पस्तीस लिही. तेवढं मी निभावून नेईन."

तेही नाही. मी जे पाहिलं ते तारखेवार लिहिलंय, आणि खाली कारणाच्या जागी लिहिलंय: पस्तीस मिनिटांचं कारण रेखावृत्त, वरच्या मिनिटांचं कारण माहीत नाही.

"प्रात्यक्षिक वहीत माहीत नाही असं कुणी लिहीत नसतं, भोये."

"पण सर, मला माहीत नाही."

ते बराच वेळ माझ्या वहीची पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वह्यांवर मी सही केली आहे. परीक्षक त्यांच्यात बारा बघणार आणि तुझ्यात हे बघणार. मग तो विचारणार कुणाला?" मी म्हटलं, मला विचारू दे. ते हसले, तेही नीट नाही. मला हसणाऱ्या माणसांचा तिटकारा आहे.

रविवार, २ एप्रिल

दिंडोरीला जाऊन आले. द्राक्षं निघाली, आता खरड छाटणी चालू आहे. आई आणि बा कात्र्या घेऊन मांडवाखाली वाकलेले. त्यांच्या हाताला चिकटपट्ट्या होत्या. मी पण दोन ओळी छाटल्या आणि छाटता छाटता सांगून टाकलं.

बाने कात्री खाली ठेवली. "सही नाय केली तं काय व्हइल?"

वर्ष जाईल.

"मंग लिहून टाक ना बारा. बारा लिव्ह्यानं कुणाचं काय जातं? पाण्यात राहून माशाशी वैर करू नाय, मीना."

मी म्हटलं, "बा, उद्या मी पोरांना शिकवीन तेव्हा काय सांगू? मी पाहिलं एक आणि लिहिलं दुसरं?"

"आधी शिकवाया तर लाग."

यावर मी ओरडले. बावर, सगळ्या मजुरांच्या देखत. तो पुन्हा छाटायला लागला. मी त्याचं पोट भरत नाही, उलट त्याच्या जिवावर शिकते, आणि वर आवाज चढवते. पण तो चुकीचं सांगत होता. दोन्ही खरं आहे आणि बसमध्ये सबंध वाट मला दोन्ही टोचत होतं.

आईने निघताना एवढंच विचारलं, "त्या काठीपाशी बसतेस तं मंग जेवतेस कवा?" मी म्हटलं, वत्सलाबाई ठेवतात. मग ती निर्धास्त झाली.

गुरुवार, ६ एप्रिल

प्राचार्यांनी बोलावलं. पुढच्या आठवड्यात बाहेरचे परीक्षक येणार, एका वहीवर सही नाही, हे काय प्रकरण आहे. सर एका बाजूला उभे. प्राचार्य म्हणाले, "मुली, एका आकड्यासाठी वर्ष घालवतेस?"

मी रात्री ठरवूनच ठेवलं होतं. म्हटलं, "सर, मी बारा लिहायला तयार आहे. तुमच्यापैकी कुणीतरी अंगणात येऊन बाराला सावली थांबलेली दाखवा. दाखवली की तिथेच लिहिते, आणि सगळ्यांची माफी मागते. नाही दाखवली तर मी बारा लिहिणार नाही. वर्ष गेलं तर गेलं. पुढच्या वर्षी हीच काठी, हेच अंगण."

प्राचार्य निकुंभ सरांना म्हणाले, "उद्या जा आणि मिटवून टाका एकदाचं." सर हो म्हणाले.

मिटवणार म्हणजे काय करणार, ते कळेलच.

शुक्रवार, ७ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

घंटा झाली. सगळे मेसला जायच्या आधी गंमत बघायला थांबले. सर आले. बाराच्या खड्याकडे बघितलं आणि धनराजला म्हणाले, जा, जेवून घ्या सगळे. गेले सगळे. निकितासुद्धा गेली.

सर आपली पॅंट न सांभाळता मातीत बसले, काठीच्या दक्षिणेला. मी म्हटलं, सावली उत्तरेला पडते सर, इकडून नीट दिसेल. म्हणाले, "तिकडे बसलो तर खडे ठेवायला तुला जागा राहणार नाही." मग म्हणाले, "आज पावणेएक नाही व्हायचे. पुष्कळ अलीकडे येईल." माझ्या वहीतले आकडे वाचून आले असणार, दुसरं काय.

ऊन असं की डोळ्यांपुढे पांढरं दिसत होतं. त्यांनी छत्री उघडली, पण माझ्या डोक्यावर धरली, स्वतःच्या नाही. मी बाजूला सरकले. मला त्यांचे उपकार नको होते.

साडेबाराच्या पुढे गेल्यावर सावली थांबली. खड्यावर खडा बसला. मग अगदी केसाएवढी पुढे गेली. सर म्हणाले, "हं."

त्यांनी वही मागितली. मी दिली. गुडघ्यावर ठेवून बाकी कुणाच्या वहीत लिहिलं नाही ते लिहिलं. "तपासले" नाही. "स्वतः पाहिले." खाली सही, तारीख. माझ्या "माहीत नाही"ला त्यांनी हात लावला नाही. पेनाचं टोपण त्यांना दोन-तीनदा बसेना. वय झालं की होतं असं.

मला वाटलं होतं मी जिंकले की नाचेन. पण मला नुसतं रडू आलं, आणि तेही त्यांच्यासमोर. म्हटलं, "एवढंच करायचं होतं तर दोन महिने मला का छळलंत?"

"छळलं खरं," ते म्हणाले. छत्री मिटली आणि थेट प्राचार्यांच्या खोलीत गेले. दार लावलेलं होतं तरी प्राचार्यांचा आवाज बाहेर येत होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना, चाळीस सह्या खोडून, असं काहीबाही.

शनिवार, ८ एप्रिल

फलकावर नोटीस: प्रयोग क्रमांक सातवरील सर्व सह्या रद्द. परीक्षक येण्याआधी प्रत्येकाने निरीक्षण पुन्हा घेऊन वही सादर करावी. खाली निकुंभ.

संध्याकाळपर्यंत माझ्या खोलीबाहेर रांग. कालपर्यंत जे मला काठीवाली म्हणत होते ते आज मीनाताई म्हणतायत. धनराज स्वतः आला, वही आणि पेन घेऊनच. "फक्त आकडे दे. पाच मिनिटांत उतरवतो आणि बाकीच्यांनाही देतो."

मी म्हटलं, "नाही."

"अगं, तू तर बरोबर निघालीस ना? मग द्यायला काय झालं?"

काय झालं ते याला कसं सांगू? बाराच्या जागी माझे आकडे येतील आणि पुढची वीस वर्षं कॉलेजात माझीच वही खाली सरकत राहील. मी म्हटलं, "काठी अंगणात आहे आणि उन्हाला पैसे पडत नाहीत." त्याने मला गर्विष्ठ म्हटलं. आणखी एक शब्द म्हणाला, तो मी लिहीत नाही.

निकिता सगळे गेल्यावर आली. "मला तरी देशील ना गं?" तिला नाही म्हणणं सगळ्यात जड गेलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली आहे.

सोमवार, १० एप्रिल

बाराची घंटा झाली आणि कुणीही जेवायला गेलं नाही. चाळीस जण उन्हात, कुणाकडे काठी, कुणाकडे झाडूचा दांडा, धनराजकडे कुणाची तरी हॉकी. शिव्या मला चालल्या होत्या, त्या मला ऐकू याव्यात अशाच. मी मेसमध्ये जाऊन बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा वरण गरम मिळालं. वत्सलाबाई पळी घेऊन दारात उभ्या, अन्न निवतंय म्हणून कावलेल्या.

एकच्या सुमाराला सगळे आले, तोंडं लाल झालेली. निकिता माझ्यासमोर बसली. शनिवारपासून ती पहिल्यांदा बोलली, "माझं चौतीस आलं. बारा चौतीस." धनराजचं एकोणचाळीस. तिसऱ्याचं छत्तीस. भांडण सुरू झालं. तुझा दांडा वाकडा, तुझं घड्याळ पुढे. घसा कोरडा पडेपर्यंत भांडले. मग सगळे माझ्याकडे वळले. खरं कुठलं?

मी म्हटलं, तुम्हाला दिसलं ते लिहा.

"आणि या पाच मिनिटांचं कारण?" निकिता.

माहीत असेल तर लिही, नसेल तर माहीत नाही लिही.

वह्या उघडल्या. धनराजही लिहायला बसला, पण त्याची नजर माझ्या ताटाशेजारच्या वहीवर. सवय हो. हात तिकडे सरकला तशी मी वही उचलली, बाकावर ठेवली आणि तिच्यावर बसले.

वत्सलाबाई म्हणाल्या, "अगं, विद्येवर बसू नये पोरी."

मी काही उठले नाही. भात वाढून घेतला.